झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या मेंदूत नेमके काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या, आणि झोपेच्या औषधांविषयी कोल्हापूर शहरातून तसेच करवीर, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांतून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक रुग्ण किंवा त्यांच्या घरचे आहेत. काही औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थीही आहेत, म्हणून सुरुवातीची उत्तरे थोडी खोलात जातात. एकच मुद्दा दोनदा लिहिण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधाचे प्रमाण मात्र मुद्दाम कोठेही दिलेले नाही, कारण ते रुग्णाला तपासूनच ठरवायचे असते.

१. आईला झोपेसाठी दिलेली गोळी माझ्या चुलतभावाला फिटसाठी दिली आहे. झोपेची आणि फिटची गोळी एकच असते का?

काही वेळा एकच असते, आणि क्लोनाझेपाम हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. मेंदूतील पेशींना आवर घालणारी जी यंत्रणा झोप आणते, तीच भीती उतरवते आणि तीच फिटचे वादळ पसरण्यापासून अडवते. औषध त्या एका यंत्रणेला बळ देते, म्हणून त्याचे परिणाम अनेक दिसतात. पण यावरून सगळी औषधे एकच ठरत नाहीत. फिटच्या अनेक औषधांचा या यंत्रणेशी थेट संबंध नसतो (प्रश्न ६), आणि झोपेच्या काही गोळ्या फिटवर वापरल्याच जात नाहीत (प्रश्न ७). त्यामुळे भावाच्या गोळ्या संपल्या म्हणून आईच्या पाकिटातील गोळी ‘सध्यापुरती’ देऊ नये.

२. डॉक्टर ‘गाबा’ म्हणाले. हे काय प्रकरण आहे?

गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल या लांबलचक नावाचे ते लघुरूप आहे. हे द्रव्य मेंदूत असल्याचे १९५० साली उघडकीस आले. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देताना रसायन सोडते. ग्लुटामेट सोडले तर पुढची पेशी चेतते, गाबा सोडले तर ती थंडावते. मेंदूच्या बाह्य थरात साधारण पाचातील एक पेशी गाबा सोडणारी असते, आणि या अल्पसंख्य पेशींवरच उरलेल्या सगळ्यांना ताळ्यावर ठेवण्याची जबाबदारी असते.

गंमत अशी, की गाबा बनते ते ग्लुटामेटपासूनच. एक विकर (एन्झाइम) ग्लुटामेटच्या रेणूचा एक तुकडा काढून टाकतो आणि चेतवणारे द्रव्य आवरणारे होते. या विकराला ब६ जीवनसत्त्वाची गरज लागते. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी. प्रश्न १४ मध्ये तिचे मोल कळेल.

३. औषध ज्याच्यावर काम करते तो ‘रिसेप्टर’ दिसतो कसा आणि चालतो कसा?

मराठीत त्याला ग्राही म्हणू. गाबाचे ग्राही मुख्यतः दोन प्रकारचे असून, या पानाचा विषय असलेली औषधे गाबा-ए या प्रकारावर काम करतात. (दुसरा, गाबा-बी, संथ आहे, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन त्याच्यावर काम करते.)

गाबा-ए ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात आरपार रुतलेले पाच प्रथिनांचे एक कडे आहे, आणि कड्याच्या मधोमध एक बारीक नळी आहे. माणसात अशी प्रथिने बनवणारी १९ जनुके आहेत, त्यामुळे जुळण्या अनेक होऊ शकतात. सर्वांत जास्त आढळणाऱ्या जुळणीत दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा असे घटक असतात. गाबा बसण्याच्या जागा दोन असून त्या अल्फा आणि बीटा यांच्या सांध्यात आहेत. गाबा तेथे बसले की कडे किंचित पिळवटते, नळी उघडते आणि बाहेरचे क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात. पेशीचा आतील भाग मुळातच बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. क्लोराइडची वाट उघडी असेपर्यंत त्याला धनाकडे ढकलणे अवघड होते आणि पेशी पेटत नाही. हे सगळे सेकंदाच्या काही हजारांश भागांत घडते.

डायझेपाम, क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, लोराझेपाम, मिडाझोलाम या बेन्झोडायझेपिन गटाची बैठक वेगळ्या सांध्यात, अल्फा आणि गॅमा यांच्यामध्ये आहे. म्हणजे ही औषधे गाबाची जागा बळकावत नाहीत; शेजारी बसून गाबाच्या कामाला हातभार लावतात. पुढचे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून सुटतात.

४. डायझेपामसारख्या गोळ्या आणि जुने फेनोबार्बिटोन या दोन्ही एकाच ग्राहीवर काम करतात, तर फरक कशात आहे?

फरक दार कसे उघडते त्यात आहे, आणि तो समजावायला कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. येथे पाण्याच्या जागी गाबा आहे असे समजा. बेन्झोडायझेपिन दिल्यावर त्याच पातळीला दरवाजे अधिक वेळा उघडू लागतात, पण पाणी आलेच नाही तर एकही दरवाजा हलत नाही. बार्बिट्युरेट गटातील फेनोबार्बिटोन दिल्यावर उघडलेला दरवाजा जास्त वेळ उघडाच राहतो. आणि मात्रा फार वाढली की पाणी नसतानाही दरवाजे उघडतात. शिवाय बार्बिट्युरेटे ग्लुटामेटच्या काही ग्राहींनाही दाबतात, म्हणजे आवर वाढतो आणि चेतनाही घटते.

धोक्याचा हिशोब यातूनच निघतो. बेन्झोडायझेपिनला शरीरातील गाबाची मर्यादा आहे. ते एकटेच जास्त घेतले गेले तर माणूस गाढ झोपतो, पण श्वास थांबण्याची वेळ सहसा येत नाही. बार्बिट्युरेटला अशी मर्यादा नाही, त्यामुळे अतिमात्रेत श्वसन बंद पडू शकते. ‘सहसा’ या शब्दाला मात्र मोठा अपवाद आहे: सोबत दारू असेल, किंवा अफूवर्गातील वेदनाशामक अथवा खोकल्याचे औषध असेल, तर बेन्झोडायझेपिनही जिवावर बेतते.

उपमा येथपर्यंतच ताणावी. धरणाचे पाणी बाहेर जाते, क्लोराइड आत येते, आणि नवजात बाळात तर हेही उलटते (प्रश्न १५).

५. आमच्या गावच्या डॉक्टरांनी गार्डिनल दिले. हे फार जुने औषध आहे म्हणतात. नवे नाही का मिळणार?

गार्डिनल या नावाने आपल्याकडे ओळखले जाणारे फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरांनी ते अपस्माराच्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून दिले आणि त्यांच्या लक्षात आले, की रुग्णांच्या फिटच कमी झाल्या आहेत. बेन्झोडायझेपिनची कथाही अशीच उलट्या क्रमाची आहे. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले या गटातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये आले, आणि ही औषधे मेंदूत बसतात कोठे ते कळायला १९७७ उजाडले. औषध आधी, कारण नंतर, हा या शास्त्रातील नेहमीचा क्रम आहे.

जुने म्हणजे टाकाऊ असे नव्हे. फेनोबार्बिटोन स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतले तरी चालते आणि अनेक प्रकारच्या फिट आवरते. त्याची खरी अडचण सुस्ती, मुलांमधील चिडचिड (प्रश्न १३) आणि यकृतातील विकरांना चाळवण्याचा गुण ही आहे. या शेवटच्या गुणामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि इतर काही औषधांचा परिणाम घटतो; तेव्हा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास हे औषध चालू असल्याचे न विसरता सांगावे.

६. गॅबापेन्टिनच्या नावातच गाबा आहे. मग ते याच ग्राहीवर चालते ना? आणि बाकीची फिटची औषधे?

नाही. गॅबापेन्टिनचा रेणू गाबाच्या सांगाड्यावरूनच बेतला गेला, हे खरे. पण तो गाबाच्या ग्राहीवर बसतच नाही. तो आणि त्याचे भावंड प्रीगाबालिन कॅल्शियमच्या वाटांवरील अल्फा-२-डेल्टा या घटकाला चिकटतात. परीक्षेत हमखास फसवणारा हा प्रश्न आहे.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन मुख्यतः सोडियमच्या वाटा अडवतात. लेव्हेटिरासिटाम हे एसव्ही-२-ए नावाच्या प्रथिनाला धरते. व्हॅल्प्रोएट अनेक ठिकाणी हात घालते: ते सोडियमच्या वाटांवरही काम करते आणि गाबाचे विघटन मंदावून त्याचा साठाही वाढवते. व्हायगाबॅट्रिन गाबा मोडणाऱ्या विकराला कायमचे निकामी करते, तर टियागाबिन वापरलेले गाबा पेशीत परत ओढून घेणारा पंप रोखते; म्हणजे ही दोन्ही दरवाजाला हात न लावता पाण्याची पातळी वाढवतात. व्हायगाबॅट्रिनने दृष्टीचे क्षेत्र कडेने कायमचे आकसू शकते, म्हणून ते चालू असताना डोळ्यांची तपासणी टाळू नये.

७. एकाच गटातील एका गोळीने गाढ झोप लागते आणि दुसरीने नुसती भीती कमी होते, असे कसे?

अल्फा घटकाचे सहा प्रकार आहेत आणि ते मेंदूत सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. उंदरांची जनुके बदलून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जे प्रयोग झाले, त्यांतून असे दिसले की सुस्तीचा मोठा वाटा अल्फा-१ असलेल्या ग्राहींकडून येतो, भीती उतरण्याचा अल्फा-२ कडून, आणि स्मरणाशी अल्फा-५ चा संबंध आहे. अल्फा-४ आणि अल्फा-६ असलेले ग्राही नेहमीच्या बेन्झोडायझेपिनला दादच देत नाहीत. झोल्पिडेम मुख्यतः अल्फा-१ वर काम करते, म्हणून ते झोपेची गोळी आहे आणि फिटसाठी वापरले जात नाही. ते घेऊन अंथरुणातून उठणे, चालणे, स्वयंपाकघरात जाऊन काही खाणे आणि सकाळी यातील काहीही न आठवणे, असे प्रकार घडतात. तसे एकदा जरी घडले तरी औषध थांबवून डॉक्टरांना सांगावे.

व्यवहारात मात्र अल्फाच्या प्रकारापेक्षा औषध शरीरात किती टिकते यालाच अधिक महत्त्व असते. मिडाझोलाम दोन-तीन तासांत निम्मे होते, अल्प्राझोलामला सुमारे ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० ते ४०, आणि फेनोबार्बिटोनला प्रौढात साधारण चार दिवस. ‘कालची गोळी आज दुपारपर्यंत उतरत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुधा या आकड्यांत सापडते.

८. फिट चालू असताना नाकात मारायचा फवारा दिला आहे. तो कधी मारायचा, आणि लगेच का? आमच्याकडे कांदा हुंगवतात, तेवढ्याने फिट थांबतेही.

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय कांद्याला मिळते. चप्पल आणि हातातील लोखंडी किल्ली यांचेही तसेच. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, तोंडात पाणी, चमचा किंवा बोट घालू नये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घड्याळ पाहावे.

हातपाय झटकणारी फिट ५ मिनिटे होऊनही थांबत नसेल, तर ती स्वतःहून थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. या पाच मिनिटांमागे ग्राहीचे वागणे आहे. फिट चालू राहिली की पेशी आपल्या पृष्ठभागावरील गाबा-ए ग्राही आत ओढून घेऊ लागते, आणि त्याच वेळी ग्लुटामेटचे चेतवणारे ग्राही पृष्ठभागावर वाढतात. म्हणजे जे दार औषधाने उघडायचे, ते दारच भिंतीतून नाहीसे होत जाते. पाचव्या मिनिटाला ज्या मात्रेने फिट थांबली असती, तीच मात्रा अर्ध्या तासाने अपुरी पडते. म्हणूनच रुग्णालयात लांबलेल्या फिटमध्ये लवकरच दुसऱ्या मार्गाने काम करणारी औषधे जोडतात, आणि हट्टी फिटमध्ये ग्लुटामेटच्या ग्राहीवर काम करणारे केटामिनही वापरतात.

फवाऱ्यात बहुधा मिडाझोलाम असते. ते चरबीत सहज विरघळते, त्यामुळे नाकाच्या आतील पातळ त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोहोचते. शिर शोधावी लागत नाही आणि आवळलेल्या जबड्याशी झगडावे लागत नाही. डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेले फवारे सांगितलेल्या मिनिटाला मारावेत आणि १०८ ला फोन करावा. पहिलीच फिट असेल, एकामागून एक फिट येत असतील किंवा मध्ये शुद्ध येत नसेल, तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नये.

९. मुलीला तापात फिट येते. ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझाम द्यायला सांगितले आहे. रोज का नाही?

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात येणारी साधी फिट वयाबरोबर सुटते, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे रोज औषध देण्यात सुस्ती व सवय यांचेच नुकसान जास्त असते. तापाच्या दिवसांपुरते दिलेले क्लोबाझाम ग्राहीला सवय लागण्याआधीच थांबते, त्यामुळे पुढच्या तापात ते पुन्हा पहिल्याइतकेच लागू पडते. त्या दिवसांत मुलगी थोडी झोकांड्या खात चालली तर जिन्याजवळ आणि न्हाणीघरात लक्ष ठेवावे.

१०. पहिले दोन महिने गोळीने फिट पूर्ण थांबल्या, आता पुन्हा येऊ लागल्या. गोळी बनावट आहे की व्यसन लागले?

बहुधा दोन्ही नाही. आवर घालणारे बळ बाहेरून सतत मिळू लागले की मेंदू स्वतःचे बळ कमी करतो: ग्राहीच्या घटकांची जुळणी बदलते, आणि गाबाची जागा व औषधाची जागा यांच्यातील दुवा सैल पडतो. याला सह्यता म्हणतात. सुस्ती आधी कमी होते, जे रुग्णाला आवडते. पुढे काही रुग्णांत फिटविरोधी परिणामही घटतो, जे कोणालाच आवडत नाही. म्हणून बेन्झोडायझेपिन हे अपस्मारात सहसा एकटे आणि पहिले औषध म्हणून देत नाहीत. फेनोबार्बिटोनच्या फिटविरोधी गुणाला हा दोष त्या मानाने कमी लागतो.

व्यसन ही वेगळी गोष्ट आहे: मात्रा मनाने वाढवणे, ती मिळवण्यासाठी खोटे बोलणे, दिवसाची आखणी गोळीभोवती होणे. सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला व्यसनी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि अशा टोमण्यांमुळे गोळ्या परस्पर बंद केल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

११. दोन वर्षे फिट नाही. मुलाने स्वतःच गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी मोठी फिट आली. म्हणजे आजार गेलाच नव्हता?

तसे खात्रीने म्हणता येत नाही. प्रश्न १० मधील सगळे बदल झालेल्या मेंदूतून औषध अचानक काढून घेतले, तर आवर नेहमीपेक्षाही खाली जातो आणि फिटचा धोका मूळ आजारापेक्षा वाढतो. भीतीसाठी अल्प्राझोलाम घेणाऱ्या, कधीही फिट न आलेल्या माणसालाही ते एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते. लवकर उतरणाऱ्या औषधात हे एक-दोन दिवसांत दिसते, हळू उतरणाऱ्यात आठवड्यानेही दिसू शकते. ‘चार दिवस काही झाले नाही’ ही हमी नव्हे.

औषध बंद करायचेच असेल तर ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पायरीपायरीने उतरवतात, म्हणजे ग्राहींना पूर्वस्थितीवर यायला अवधी मिळतो. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात. येथे एक घरगुती अडचण सांगतो: अर्धी गोळी अडकित्त्याने फोडली जाते, एक तुकडा मोठा आणि एक छोटा होतो, आणि एक दिवस जास्त, एक दिवस कमी असा झोका सुरू होतो. औषधाच्या दुकानात गोळी कापण्याची छोटी डबी मिळते. किंवा कमी मात्रेची गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारावे.

१२. महापुरात रस्ते बंद होतात. गोळ्या संपल्या तर काय करायचे?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी उरला नव्हता. २०१९ मध्ये पाण्यातून बाहेर काढलेल्या एका आजींनी पदराची गाठ सोडून मला गोळ्यांची पट्टी दाखवली होती. दुकानातून सुट्या घेतलेल्या चार गोळ्या, कडा कात्रीने कापलेल्या, आणि नावाची शेवटची अक्षरे तेवढी उरलेली: ‘झेपाम’. डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, यांपैकी कोणतेही असू शकत होते, आणि या चौघांची मात्रा एकमेकांशी जुळत नाही. नातवाला रोज किती द्यायची ते आजींना पाठ होते. काय द्यायचे ते कापल्या गेलेल्या तुकड्यावर राहिले होते.

तेव्हा जूनच्या अखेरीस डॉक्टरांकडून पावसाळ्यापुरती वाढीव चिठ्ठी घ्यावी, पट्टी शक्यतो पूर्ण घ्यावी, आणि चिठ्ठीचा फोटो घरातील दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. निवारा केंद्रात गेल्यावर तेथील आरोग्य पथकाला पहिल्याच दिवशी औषधाचे नाव सांगावे. गोळ्या कमी उरल्या असतील तर संपेपर्यंत पूर्ण मात्रा घेऊन मग एकदम थांबण्यापेक्षा, फोनवर डॉक्टरांना विचारून त्या पुरवून घेण्याचा मार्ग काढावा. फेनोबार्बिटोन हळू उतरते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर हाहाकार होत नाही. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपामबाबत तेवढी सवड मिळत नाही.

१३. मुलगा गार्डिनल घेतल्यापासून शांत होण्याऐवजी दंगा करतो. आणि आजी मात्र त्याच गटातल्या छोट्या गोळीने दिवसभर झोपते, परवा पडलीही. औषध माणूस पाहून बदलते का?

औषध तेच राहते, मेंदू बदलतो. लहान मुलांत फेनोबार्बिटोनने आणि काही वेळा बेन्झोडायझेपिननेही अतिचंचलता, चिडचिड, रडारड दिसते. मोठ्यांत दोन पेग झाल्यावर काही जण आधी मोकाट सुटतात आणि मग झोपतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे: आवर घालणाऱ्या भागालाच आधी झोप लागते. डॉक्टरांना सांगितल्यास औषध बदलता येते. मुलाला मारून उपयोग नाही.

वृद्धांत यकृताचे काम मंदावलेले असते, शरीरात चरबीचे प्रमाण वाढलेले असते, आणि डायझेपामसारखे औषध व त्याचे सक्रिय अवशेष दिवसेंदिवस साचत जातात. रात्री लघवीला उठताना तोल जाणे आणि मांडीचे हाड मोडणे हा त्याचा ठरलेला शेवट असतो. आजीच्या पडण्याची गोष्ट डॉक्टरांना ‘म्हातारपण’ म्हणून नव्हे, तर गोळीच्या संदर्भात सांगावी.

१४. दुसऱ्याच आजाराच्या औषधाने फिट येऊ शकते का?

येऊ शकते, आणि त्यातील काही औषधे याच ग्राहीला मारक ठरतात. पेनिसिलिन गटातील जंतुनाशके फार मोठ्या मात्रेत, किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या रुग्णात, गाबा-ए ग्राहीच्या कामात अडथळा आणतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाबाबतही हीच सावधगिरी आहे. कार्बापेनेम गटातील जंतुनाशक इंजेक्शनांचा मार्ग वेगळा आहे: ती व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणतात आणि आटोक्यातला अपस्मार पुन्हा उसळतो.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ते ब६ जीवनसत्त्वाला निकामी करते; ब६ नसेल तर गाबा बनत नाही. आयसोनियाझिडच्या अतिमात्रेत येणारी फिट म्हणूनच डायझेपामला नीट जुमानत नाही, कारण उघडायला दरवाजे आहेत, पण धरण कोरडे आहे. तेथे शिरेतून ब६ द्यावे लागते. याचेच जन्मजात रूप काही तान्ह्या बाळांत दिसते, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारी त्यांची फिट ब६ दिल्यावर थांबते.

१५. नवजात बाळाची फिट मोठ्यांच्या औषधांनी लवकर का थांबत नाही?

प्रौढ पेशी आपल्यातील क्लोराइड एका पंपाने सतत बाहेर टाकत असते, म्हणून दार उघडले की क्लोराइड आत येते. नवजात पेशीत हा पंप अजून अशक्त असतो आणि क्लोराइड आत आणणारा दुसरा पंप जोरात असतो; पेशीत क्लोराइड आधीच साचलेले असते. तेथे तेच दार उघडल्यावर पेशी थंडावण्याऐवजी काही वेळा चेततेही.

यावरून गाबावर काम करणारी औषधे बाळाला देऊच नयेत असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात, पण अनुभव तसा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत फेनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांच्या फिट २४ तास थांबल्या, तर लेव्हेटिरासिटामने २८ टक्के बाळांच्या. कागदावरची यंत्रणा आणि पाळण्यातले बाळ यांत मतभेद झाला, तर बाळाचे ऐकावे.

१६. फिटच्याच औषधाने फिट वाढली, असे होऊ शकते का?

होय, अपस्माराचा प्रकार ओळखण्यात चूक झाली तर. शाळकरी मुलांत क्षणभर टक लावून हरवल्यासारखे होणाऱ्या फिटमध्ये मेंदूच्या आतील थॅलॅमस आणि बाह्य थर यांच्यात एक लय धरली जाते, आणि ती लय टिकवण्यात गाबाचाच हात असतो. तेथे व्हायगाबॅट्रिन किंवा टियागाबिन देऊन गाबा वाढवले, तर लय तुटण्याऐवजी पक्की होते.

ड्रॅव्हे नावाच्या बालपणीच्या गंभीर विकारात दोष असतो तो गाबा सोडणाऱ्या पेशींतील सोडियमच्या वाटांत. आधीच लंगड्या पडलेल्या या पेशींवर कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिनचा भार टाकला, तर आवर आणखी सुटतो. उलट क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट तेथे उपयोगी पडतात.

१७. श्रावण पाळायचा म्हणून वडिलांनी दारू एकदम बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. पुण्य करताना हे काय झाले?

दारूही गाबा-ए ग्राहीच्या कामाला जोर देते आणि ग्लुटामेटला दाबते. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत प्रश्न १० मधील बदल होतात. दारू अचानक थांबल्यावर प्रश्न ११ मधील स्थिती येते. अशी फिट बहुधा शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत येते. थरथर, घाम, भास आणि भ्रम असलेला जीवघेणा प्रकार दोन ते चार दिवसांत उभा राहतो. उपचारात डायझेपाम किंवा लोराझेपाम देऊन ती पोकळी भरतात आणि काही दिवसांत मात्रा उतरवतात, सोबत ब१ जीवनसत्त्व देतात. श्रावण असो, माळ घालणे असो, रोजच्या पिणाऱ्याने दारू जरूर सोडावी; मात्र आधी डॉक्टरांना भेटून.

रस्सा मंडळात, म्हणजे मित्रांच्या मटण-रश्श्याच्या बैठकीत, अपस्माराच्या रुग्णाने ‘एकच’ घ्यावी का, हा जोडप्रश्न नेहमी येतो. गोळीवर दारूची भर पडून त्या रात्री सुस्ती दुप्पट, आणि दुसऱ्या दिवशी उतरताना अपुऱ्या झोपेसह फिटचा धोका वाढलेला, असा तो दुहेरी तोटा आहे.

१८. पाळीच्या दिवसांतच फिट येतात. याचा गाबाशी संबंध आहे का?

आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य बनते, आणि ते गाबा-ए ग्राहीवर स्वतंत्र जागी बसून आवर वाढवते. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, म्हणजे दर महिन्याला शरीर स्वतःचेच औषध अचानक काढून घेते. फिटच्या तारखा आणि पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर तीन महिने शेजारीशेजारी लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. काहींना त्या दिवसांपुरते क्लोबाझाम देण्याचा मार्ग निघतो.

१९. चुकून जास्त गोळ्या घेतल्या तर उतारा असतो का?

बेन्झोडायझेपिन आणि झोल्पिडेमसाठी फ्लुमाझेनिल आहे. ते त्यांचीच बैठक अडवते. फेनोबार्बिटोन आणि दारू यांची जागा वेगळी असल्याने त्यांच्यावर ते चालत नाही. अपस्मारासाठी किंवा दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्याला ते दिल्यास औषध एका क्षणात काढून घेतल्यासारखे होऊन फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर ते हात राखून वापरतात. घरी ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. झोपाळलेल्या माणसाची ओकारी श्वासनळीत जाते. गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

२०. दुकानदार चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देत नाही, पण ‘गाबा’च्याच गोळ्या ऑनलाइन सहज मिळतात. त्या घ्याव्यात का?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, मिडाझोलाम आणि झोल्पिडेम ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत, म्हणजे औषधविक्रीच्या नियमांतील कडक नोंदीच्या यादीत, आहेत. त्यांची विक्री करताना दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. ओळखीचा असूनही तो नकार देतो, कारण ती नोंद त्याला बंधनकारक आहे.

पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाबाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडदा गाबाला फारसे आत सोडत नाही. डायझेपामसारखी औषधे चरबीत विरघळत असल्याने तो पडदा ओलांडतात; बाहेरून घेतलेले गाबा बहुतांशी पडद्याच्या अलीकडेच राहते. अपस्माराच्या रुग्णाने चालू गोळीच्या जागी या गोळ्या घेतल्या, तर त्याचा अर्थ चालू गोळी एकदम बंद केली एवढाच होतो. पुढचे प्रश्न ११ मध्ये लिहिले आहे.